बेळगुंदीच्या पडवीत

बेळगाव सोडून पश्चिमेकडे निघाले, की गणेशपूर आणि बेनकनहळ्ळी मागे पडता पडता मातीचा रंग बदलू लागतो. इकडची जमीन तांबडी, पावसाने धुतलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे, वरकस रानात रताळ्यांचे वेल, मधूनच काजूची झाडे आणि क्षितिजावर घाटमाथ्याची निळसर रेघ. बारा-चौदा किलोमीटरांवर बेळगुंदी लागते. जवळच राकसकोपचा जलाशय आहे. मार्कंडेय नदीचे पाणी तेथे अडविले आहे आणि बेळगाव शहर ते पिते. त्याच दिशेने आणखी पुढे गेले, की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. गावाची भाषा मराठी, बसची पाटी कन्नड. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, ही कहाणी आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. येथे ती आठवली ती एवढ्याचसाठी, की ज्या मुक्या जिवाची हकीकत सांगावयाची आहे तोही भाषेची सीमा ओलांडूनच आमच्या घरी आला.

हैदराबादेस राहून आमची आता तिसरी पिढी. बेळगुंदीचे घर चुलत्यांच्या पश्चात तीन वर्षे बंद होते. २०२५ च्या मे महिन्यात कौले शाकारून घ्यावीत आणि पावसाआधी परत फिरावे, अशा बेताने आम्ही उभयता गेलो आणि राहिलो. सोपा, माजघर, न्हाणी, मागे परडे आणि पुढे लांबलचक पडवी असे ते घर दोन माणसांना फारच मोठे. रात्री वाशांवर काही खुडबुडले, की आम्ही दोघे एकमेकांकडे पाहात असू. शेजारचे आबा एकदा म्हणाले, "रिकाम्या घराला कुत्रं पायजे. माणसाच्या आधी त्येला कळतंय." गावात पिल्लू मिळाले असते, पण बेळगावातील एका आप्तांनी सांगितले, की शहराबाहेर एक निवारा आहे, तेथे मोटारीखाली सापडलेली, टाकून दिलेली कितीतरी कुत्री वर्षानुवर्षे पडून आहेत, न्यावयाचे तर त्यांतले एखादे न्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तेथे गेलो. पत्र्याच्या छपराखाली जाळीचे कप्पे आणि कप्प्यांच्या दारांशी एकच गलका. पुढच्या पायांनी जाळी खरवडणारी, हात चाटू पाहणारी, एकमेकांना ढकलून पुढे येणारी कितीतरी कुत्री. बाजारात गेल्यासारखे त्यांतून निवडावयाचे या कल्पनेनेच आम्हांला ओशाळल्यासारखे झाले. अगदी शेवटच्या कप्प्यात एक तांबूस रंगाची कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. एका कानाचे टोक कापलेले. शस्त्रक्रिया होऊन पिले होणे बंद झाल्याची ती खूण, असे तेथील माणसाने सांगितले. वय चारएक वर्षे, आणि त्यांतली दोन येथेच गेलेली. "हिला कोणी विचारीत नाही. ही पुढे येतच नाही ना," तो म्हणाला.

आम्ही त्याला जितके प्रश्न विचारले, त्याहून अधिक त्याने आम्हांला विचारले. घरात लहान मुले आहेत काय, कुंपण आहे काय, बांधून ठेवणार की मोकळी, गावाला गेलात तर कोण पाहील, औषधपाण्याचा खर्च झेपेल काय. शेवटच्या एका प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते: "हैदराबादला परत जाल तेव्हा?" आम्ही "नेऊ" म्हणालो. कागदावर सही केली. त्या एका शब्दाचे ओझे किती आहे, हे पुढे कळावयाचे होते.

गाडीत ती आसनाखाली अंग चोरून पडली. रस्ता खाचखळग्यांचा, बाहेर पाऊस. पण तिच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नाही. फक्त थरथर. बेळगुंदीच्या वेशीपाशी गाडी थांबविली, तेव्हा तिने पहिल्यांदा नाक वर करून वास घेतला. भिजलेली माती, शेण, कुणाच्या तरी चुलीचा धूर. आम्हांला वाटले, आता उतरेल, हुंदडेल. ती उतरली नाही. आम्ही तिला उचलून पडवीत आणले, तशी ती कोपऱ्यातल्या जुन्या पाट्याच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तीस पावलांची पडवी मोकळी पडली होती आणि तिने त्यातली दोन हात जागा घेतली. तेवढाच तो कप्पा होता.

नाव आम्ही ठेविले तांबू. तांबड्या गाईला इकडे याच नावाने हाक मारतात.

पहिले दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही. ताकभात ठेविला, दूधभाकरी ठेविली. रात्री पाणी तेवढे कमी झालेले दिसे. आम्ही हौसेने जवळ जाऊन बसत होतो, डोळ्यांत पाहून गोंजारीत होतो, आणि ती दर वेळी आणखी भिंतीत शिरत होती. तिसऱ्या दिवशी घाबरून आम्ही निवाऱ्यात फोन लावला. तिला सांभाळणारा माणूस हसला. म्हणाला, तुम्ही फार प्रेम करता आहात, ते थोडे कमी करा. तिच्याकडे पाहू नका, पाठ करून बसा, आपापले काम करा. ठरल्या वेळी ताटली ठेवा, पंधरा मिनिटांनी उचला. तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे ओळखीचे, तीन महिने घर समजण्याचे असा एक ढोबळ हिशेब या कामातली माणसे सांगतात. काहींना त्याच्या दुप्पटही लागतात. मग तो म्हणाला, "फोन खाली जमिनीवर ठेवा पाहू." आम्ही आवाज मोठा करून फोन पडवीच्या फरशीवर ठेविला. त्यातून आवाज आला, "ए, बा! बा इल्ली! ऊटा माडु!"

पाट्यामागून दोन कान उभे राहिले.

तिचे सगळे आयुष्य कन्नड माणसांत गेले होते. "ये", "बस", "जेव" हे आमचे शब्द तिच्या लेखी निव्वळ आवाज होते, आणि तेही परक्यांचे. त्या संध्याकाळी आम्ही चार शब्द कागदावर लिहून भिंतीला लाविले. बा म्हणजे ये. कुंद्रु म्हणजे बस. ऊटा म्हणजे जेवण. ब्याड म्हणजे नको. आमच्या तोंडी ते शब्द फार वेडेवाकडे येत असावेत, कारण कुंपणापलीकडून शेजारच्या आक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण चौथ्या दिवशी सकाळी "ऊटा" म्हणून आम्ही पाठ फिरविली, आणि मागे ताटली वाजू लागली.

आक्कांविषयी येथे सांगितले पाहिजे. वय सत्तरीच्या घरात, माहेर बैलहोंगलच्या बाजूचे, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांना सारख्याच. मराठी बोलताना इकडच्या रीतीप्रमाणे त्या स्वतःविषयी पुल्लिंगी बोलतात, "मी आलो, मी सांगितलो." हैदराबादेत वाढलेल्या आमच्या कानांना ते प्रथम चमत्कारिक वाटे, आता गोड वाटते. तांबू आली त्या दिवशीच त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कुत्रं घरात घ्यालायत काय? माझ्या तुळशीकडं आलं तर मी ऐकून घेणार न्हाई, आधीच सांगतो." त्यांच्या सोप्यात दत्ताची तसबीर आहे. आम्ही शहाणपणाने म्हणालो, "आक्का, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात ना?" त्या म्हणाल्या, "ती देवाची. ती चावत न्हाईत."

हा विनोद नव्हता, हे आम्हांला पुढे कळले. आक्कांचा पाठचा भाऊ सहा वर्षांचा असताना पिसाळलेले कुत्रे चावून गेला होता. चावा लहान होता, घरच्यांनी हळद भरली, एका जाणत्याकडून धागा बांधून आणला, आणि महिन्याभराने मुलाला पाण्याची भीती वाटू लागली. पुढचे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. ज्या बाईने हे डोळ्यांनी पाहिले, तिला भूतदयेचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला कोठून असणार?

म्हणून आम्ही उपदेश केला नाही. तांबूचे टोचणीचे कार्ड दाखविले. अलर्काची म्हणजे रेबीजची लस, तिची तारीख, पुढच्या वर्षी पुन्हा द्यावयाची तारीख. इकडे पावसाळ्यात खाचरांत उंदीर फार, आणि त्यांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोचा रोग कुत्र्यांनाही होतो, म्हणून त्याचीही लस. आक्कांना कन्नड अक्षरे वाचता येतात. त्यांनी तारखा बोटाने वाचून पाहिल्या. "पोटात चौदा सुया घेत होते ते?" त्यांनी विचारले. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस. आपल्या देशात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता माणसाला चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावयाची आणि दवाखाना गाठावयाचा. दंडात टोचण्याची लस घेतली तर त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर तिच्याभोवती वेगळे औषधही टोचतात. हळद, चुना, धागा यांनी काही होत नाही, आणि एकदा लक्षणे दिसू लागली, की जवळजवळ कधीच उपाय चालत नाही. लस वेळेत घेतली तर मात्र माणूस वाचतो.

चोर्ला घाट उतरला, की गोवे. तेथे २०१३ पासून २०१९ पर्यंत एक मोहीम झाली. ती अशी, की वर्षाला पंचाण्णव हजारांवर कुत्र्यांना, म्हणजे दर शंभरांतल्या सत्तरांना, लस टोचावयाची आणि दीड लाख शाळकरी मुलांना चावल्यावर काय करावे ते शिकवावयाचे. त्या काळाच्या अखेरीस माणसांचे अलर्काने मरणे तेथे थांबले आणि कुत्र्यांतला रोग शंभराला ब्याण्णव या प्रमाणात उतरला. हे आम्ही आक्कांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "तवा असतं तर." आणि घरात गेल्या. तुळशीचा नियम मात्र तसाच राहिला.

तीन आठवड्यांच्या हिशेबाप्रमाणे जुलै उजाडला, तेव्हा तांबू पडवीच्या अर्ध्यापर्यंत येऊ लागली होती. तिला कशाकशाची भीती वाटे, याची यादी केली तर माणूस हसेल. कुकरची शिटी. छपराचा पंखा. काठी हातात असलेला कोणीही, मग ती झाडूची मूठ का असेना. कपाटाच्या आरशातली कुत्री. आणि उंबरा! घराच्या दाराशी ती येई, आत डोकावे, एक पाय उचली आणि तो पुन्हा बाहेरच ठेवी. आम्ही एकदा तिला गळपट्ट्याने हलकेच आत ओढले. ती तेथेच मुतली, आणि पुढे चार दिवस पाट्यामागून बाहेर आली नाही. चार दिवस! आमच्या एका घाईने तीन आठवड्यांची कमाई गेली. त्यानंतर उंबऱ्याविषयी आम्ही बोलणेच सोडून दिले.

परड्यात नेण्याच्या वेळा मात्र घड्याळासारख्या पाळल्या. पहाटे, जेवणांनंतर, आणि निजण्यापूर्वी. बाहेर केले, की गुळाएवढा गोड शब्द. आत केले, तर मुकाट्याने पुसून काढावयाचे. नाक घासणे किंवा फटका मारणे ही जुन्या लोकांची रीत निरुपयोगी आहे; त्याने कुत्रे लपून करावयास शिकते, इतकेच. खाण्यात भात, नाचणीची भाकरी, अंडे, पुढे उकडलेले रताळे. कांदा-लसूण घातलेली आमटी त्यांना बाधते आणि द्राक्षे-बेदाणे तर विषासारखे, हे आम्हांलाही नवे होते. शिऱ्यातला बेदाणा कौतुकाने कुत्र्यापुढे टाकणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. रोज संध्याकाळी कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधण्याचा कार्यक्रम असे. या एका कामाच्या वेळी ती स्वतःहून अंग सैल सोडी. आमची खरी ओळख बहुधा गोचिडांनीच करून दिली.

आता ऑगस्ट. दिल्लीत काहीतरी ठरते आणि त्याचे पडसाद बेळगुंदीच्या कट्ट्यावर उमटतात, असे क्वचित होते, त्या वर्षी झाले. दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतील मोकाट कुत्री आठ आठवड्यांत उचलून निवाऱ्यांत घाला, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. २२ ऑगस्टला तो बदलला. शस्त्रक्रिया व लस झाल्यावर कुत्री पूर्वीच्याच जागी सोडावीत, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी ठेवून घ्यावीत. कोणी दत्तक नेऊ पाहील तर न्यावे, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही त्याची जबाबदारी. आणि हा विषय सर्व राज्यांना लागू झाला. कट्ट्यावरची मते सरळ होती. पहाटे शाळेला निघालेली पोरे, रानात भाकरी घेऊन जाणाऱ्या बाया यांना झुंडीची भीती वाटते, हे खोटे नाही. "तुमचं एक झालं घरात. बाकीच्यांचं काय?" आबांनी विचारले.

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. पण निवारा आम्ही आत जाऊन पाहिला होता. तेथली माणसे चांगली होती, अन्न वेळेवर होते, आणि तरीही दोन वर्षांत एक कुत्री घर म्हणजे काय हे विसरून गेली होती. अशा जागी देशभरची कुत्री कोंडता येतील, आणि तो उपाय होईल, असे आम्हांला वाटत नाही. हा वादही काही नवा नव्हे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात कंपनी सरकारचे शिपाई दर कुत्र्यामागे बक्षीस घेऊन कुत्री मारीत सुटले. ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे ते पारशी चवताळून उठले, हिंदूही सामील झाले, दुकाने बंद पडली, लष्कराची रसदसुद्धा अडली. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आदी मंडळींनी मुंबईचा पांजरापोळ उभारला, त्यामागे हेच प्रकरण होते. म्हणजे मारणे, कोंडणे आणि सांभाळणे यांतला हा झगडा दोनशे वर्षांच्या घरातला आहे. ७ नोव्हेंबरला न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथून उचललेली कुत्री परत तेथे सोडू नयेत असेही सांगितले. म्हणजे निवाऱ्यांतली गर्दी वाढणार, आणि जाळीकडे पाठ करून बसणाऱ्यांचीही.

कट्ट्यावरील त्या चर्चेनंतर पाचव्या दिवशी, २७ ऑगस्टला गणेशचतुर्थी आली.

चूक आमची. दूर्वा आणि फुले आणताना परड्याच्या दाराची कडी आम्ही लावली नाही. सायंकाळी मंडळाचा गणपती आला. ढोल, गुलाल, आणि घरासमोरच फटाक्यांची लांब माळ. आम्ही आरतीच्या तबकात गुंतलो होतो. माळ संपून धूर निवळला तेव्हा पाट्यामागे कोणी नव्हते आणि परड्याचे दार वाऱ्याने हलत होते.

त्या रात्री आम्ही जे जे करू नये ते सगळे केले. विजेऱ्या घेऊन गल्लीगल्लीतून धावलो, मोठमोठ्याने हाका मारल्या, गावच्या पोरांना बक्षीस कबूल केले, आणि ती पोरे आरोळ्या ठोकीत रानोमाळ पांगली. भ्यालेल्या कुत्र्यामागे धावले, की ते आणखी लांब जाते. हे आम्हांला पुस्तकातून माहीत होते; पण धावल्याशिवाय राहवत नाही. मध्यरात्री पाऊस लागला. राकसकोपच्या बाजूचा अंधार, खाचरांतून चढलेले पाणी आणि बेडकांचा गजर. गौरी-गणपतीच्या सणात आमच्या घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. निवाऱ्यातल्या माणसाला कसे सांगावे, या एका विचाराने आम्ही फोनला हात लावीत नव्हतो. त्याने विचारले होते, कुंपण आहे काय. आणि आम्ही मोठ्या दिमाखाने "आहे" म्हटले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा नातू धापा टाकीत आला. त्यांच्या रताळ्याच्या रानात, खोपटाच्या मागे, लाल कुत्रे आहे. आम्ही चपला न घालताच निघालो. बांधावर आक्का आडव्या हात करून उभ्या.

"पळू नका. पळालात तर ते चंदगडात जाऊन थांबंल."

त्यांनी आम्हांला बांधाखाली बसविले. आपण वीसेक पावले पुढे जाऊन चिखलात, वेलांच्या मधोमध, खोपटाकडे पाठ करून बसल्या. पदरातली भाकरी काढली, एक तुकडा मागे टाकला, एक आपण तोंडात घातला. आणि वासराला बोलवावे तशा हळू आवाजात, कुणाला ऐकू जावे अशी इच्छाच नसल्यासारखे, म्हणू लागल्या, "बा… बा… ऊटा माड, बा…"

किती वेळ गेला कोण जाणे. अर्धा तास तरी असेल. वेलांची पाने हलली. पोट जमिनीला घाशीत तांबू आली, तुकडा उचलून मागे सरली, पुन्हा आली. पुढचा एक पाय ती टेकीत नव्हती. आक्कांनी वळून पाहिले नाही की हात पुढे केला नाही. भाकरी संपली तशा उठल्या, लुगडे झटकले, आणि गावाकडे चालू लागल्या. चार पावलांवरून, लंगडत, कुत्री त्यांच्या मागे. आम्ही बांधाच्या आडून तसेच वाकून पाहात होतो. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

आक्का आमच्या पडवीपर्यंत आल्या. सत्तर वर्षे ज्या प्राण्याला त्यांनी दगडाच्या टप्प्यात येऊ दिले नव्हते, तो त्यांच्या लुगड्याच्या काठाला नाक लावून उभा होता. "पाय बघा तिचा," त्या आम्हांला म्हणाल्या, "तार लागलीय. आणि ती कडी लावत जावा." मग घरी जाऊन त्यांनी आंघोळ केली. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही.

बेळगावास नेऊन जखम शिवून आणली. निवाऱ्यातल्या माणसाला अखेर फोन केला. तो रागावला नाही, त्यामुळे अधिकच लाज वाटली. दाराला आतून दुसरी कडी बसविली, गळपट्ट्याला फोनचा आकडा कोरलेला पितळेचा बिल्ला अडकविला. हा बिल्ला पहिल्याच दिवशी हवा होता. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी पाचपासून आम्ही दारे-खिडक्या लावून, पंखा जोरात आणि रेडिओ मोठ्याने लावून बसत असू. त्यांतल्याच एका रात्री, आधी वीज कडाडली की कुठे बाण सुटला ते कळले नाही, माजघरात आमच्या अंथरुणापाशी काहीतरी ऊबदार येऊन पडले. उंबरा तिने कोणत्या क्षणी ओलांडला, हे आम्हांला दिसले नाही. इतके महिने वाट पाहून शेवटी तो क्षण झोपेत गेला!

आणि दिवाळी संपली, म्हणजे आमचा परतीचा मुहूर्त आला. रेल्वेत कुत्रे न्यावयाचे तर पहिल्या वर्गाचा वातानुकूलित आख्खा कप्पा तरी घ्यावा लागतो, नाही तर गार्डाच्या डब्यातील पेटी. पेटीची कल्पना आम्ही एक दिवसही सहन करू शकलो नाही. बरे, तेथे तरी काय? तिसरा मजला, उद्‌वाहन, खाली अखंड वाहती रहदारी, आणि तिला ठाऊक असलेल्या चार शब्दांपैकी एकही कानी न पडणारी गल्ली. नेऊ, असे आम्ही सही करून सांगितले होते. न नेणे हा शब्द मोडणे, आणि नेणे ही शिक्षा. आम्ही बिचकत बिचकत आक्कांना विचारले, तुमच्याकडे ठेवाल काय, खर्च आम्ही पाठवू. त्या एकदम म्हणाल्या, "मी कुत्रं पाळत न्हाई." विषय संपला.

सध्या असे चालले आहे, की आमच्यापैकी एकाने हैदराबादेस जावे आणि एकाने बेळगुंदीस राहावे. पाळी महिन्याने बदलते. लग्नाला बत्तीस वर्षे झाल्यावर एका कुत्रीपायी हा विरह, अशी थट्टा नातेवाईक करतात. खरे तर कौले शाकारून परत जावयाचे म्हणून आलेल्या आम्हांला येथे राहावयास एखादे निमित्तच हवे होते की काय, अशी शंका आम्हांलाही येते. जाणाऱ्याची पिशवी दिसली, की तांबू तिच्यावर बसते. पण पूर्वीसारखी भिंतीकडे तोंड करीत नाही. दाराकडे पाहात बसते. आता "ये" म्हटलेलेही तिला समजते, पण "बा" म्हटल्यावर जशी येते तशी नाही.

आक्कांच्या अंगणात तुळशीच्या अलीकडे रोज सकाळी सडा होतो आणि पांढऱ्या रांगोळीची एक आडवी रेघ पडते. तांबू तेथपर्यंत जाते. आक्का वर न पाहता "ब्याड" म्हणतात, आणि ती रेघेपाशी पाय दुमडून बसते. थोड्या वेळाने रेघेच्या अलीकडे भाकरीचा तुकडा येऊन पडतो.